वराडकरांना कुणी हाकललं नाही, काकी

रात्री साडेअकराला काकीचा फोन, आवाज रडवेला. "पोरीला परत बोलावून घे रे. तिकडच्या आमदारांनी ठरावच केलाय म्हणे." पोरगी, म्हणजे माझी चुलतबहीण, चार वर्षं आयर्लंडमध्ये नर्स आहे. आणि ठराव आला गावच्या ग्रुपवरून: आयर्लंडच्या संसदेनं भारतीयांना घालवायचा ठराव केला, कारण त्यांनी घरं बळकावली, इस्पितळं भरवली. आपल्या वराडकरांनाही, म्हणजे आयर्लंडच्या माजी पंतप्रधानांना, भारतीय म्हणूनच खुर्चीवरून हाकललं. खाली "मालवणी असाल तर शेअर करा".

असा कुठलाही ठराव झालेला नाही. तिथल्या डॉइलमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, 174 सदस्य आहेत. ते रोज घरभाडं, दवाखाने, शाळा, निर्वासित यांवर सरकारला धारेवर धरतात. आपल्याकडे लक्षवेधी लागते तसंच. एखादा सदस्य स्थलांतरावर तावातावानं बोलला म्हणून त्याचा ठराव होत नाही. आपल्या विधानसभेत बोललेलं सगळं खरं झालं असतं तर मुंबई-गोवा हायवे कधीच पुरा झाला असता.

आता वराडकर. ह्याचाच मला जास्त राग आला, कारण वराड आमच्याच तालुक्यात. लिओ वराडकरांचे वडील तिथले, डॉक्टर. लिओ 2017 साली पंतप्रधान झाले तेव्हा त्यांचं आडनाव काय आयरिश होतं? 2020 मध्ये खुर्ची सोडली ती युतीच्या करारामुळे: आधी मिहॉल मार्टिन, मग वराडकर. अडीच वर्षांनी, डिसेंबर 2022 मध्ये, ती ठरल्याप्रमाणे परत मिळालीही. (अडीच-अडीच वर्षांचा फॉर्म्युला पाळला जाऊ शकतो हे वाचून इथल्या काही जणांना घेरी येईल.) 8 मार्च 2024 ला घटनादुरुस्तीची दोन सार्वमतं सरकार हरलं, आणि 20 मार्चला त्यांनी स्वतःहून पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. जागेवर आले सायमन हॅरिस, त्यांच्याच पक्षाचे. ह्याला हाकलणं म्हणायचं?

घरांची टंचाई मात्र खरी, आणि भयंकर. सरकारनंच नेमलेल्या हाउसिंग कमिशनचा मे 2024 चा अहवाल सांगतो की 2022 मध्ये 2,12,500 ते 2,56,000 घरं कमी होती. त्याच वर्षीच्या जनगणनेत भारतीय नागरिक सुमारे 45 हजार. रांगत्या पोरांसकट प्रत्येकानं पाच-पाच घरं अडवली असती, तेव्हा कुठे हा हिशेब जुळतो! माझी बहीण तर चौघींत एक फ्लॅट करून राहते. मूळ दुखणं 2008 च्या मंदीचं. 2006 च्या सुमारास वर्षाला 90 हजारांच्या आसपास घरं बांधणारा देश 2013 मध्ये पाच हजारांच्याही खाली आला. लोक वाढले की भाडं चढतं, हे मान्य. पण बांधकाम बसलं ते काही आपल्या नर्सांनी बसवलं नाही.

इस्पितळांबद्दल एवढंच, की तिथं खाट मिळेपर्यंत ट्रॉलीवर पडून असलेल्या रुग्णांची मोजदाद नर्सांची संघटना करते, आणि त्या ट्रॉल्यांमधून वाट काढत रात्रपाळी करणाऱ्यांत आपल्याच पोरी आहेत.

एक गोष्ट नाइलाजानं कबूल करतो. 2025 च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले. डब्लिनच्या टाला भागात एकाला बेदम मारलं. आपल्या दूतावासानं ऑगस्टच्या सुरुवातीला जपून राहा म्हणून सूचना काढली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी जाहीर निषेधही केला. म्हणजे काकीची भीती अगदीच हवेतली नाही. पण मारणारी टोळकी वेगळी आणि डॉइल वेगळं. ते दोन्ही एकत्र कालवून घाबरवायचं कशाला?

बहिणीला मेसेज दाखवला तर म्हणाली, "दादा, नाईट करून आलेय, झोपू दे." काकीला तेच कळवलं. ग्रुपच्या ॲडमिननं मेसेज अजून काढलेला नाही.