दुधाची पिशवी, १६४६ मीटर

माझा फोटो सध्या आमच्या घरात पाच वस्तूंवर आहे. दोन मग, एक उशी, फ्रिजवर चिकटवायचं एक मॅग्नेट आणि एक टी-शर्ट. यातल्या एकाही वस्तूवर मी ओळखू येत नाही. खर्च मात्र सगळा माझा आहे.

सुरुवात शाळेच्या ग्रुपवर झाली. आम्ही चौघी एकाच बाकाभोवती वाढलेल्या, आणि यंदा चौघींनाही पन्नास लागली. डोंबिवलीची म्हणाली, “पन्नाशी जरा उंचावर साजरी करू या.” तिच्या डोळ्यांसमोर हॉटेलची गच्ची असावी, असा मला अजूनही संशय आहे. पण बँकेतलीने ते शब्दशः घेतलं आणि पाच मिनिटांत उत्तर टाकलं: कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. डॉक्टरीणबाईंनी अंगठा दाखवला. अंगठ्यावर अंगठे पडले आणि मागे फिरायचा रस्ता बंद झाला. मी जन्मभर नाशिकात राहून कळसूबाई पाहिली होती ती भंडारदऱ्याला जाताना, गाडीच्या काचेतून, हातात भज्यांचा कागद धरून.

तयारी म्हणून मी दोन रविवार पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढले. ते सोपं निघालं. अवघड होते ते कपडे.

मुलगी पुण्यात असते. तिने फोनवरूनच माझं अख्खं कपाट बाद केलं. “आई, कॉटन अजिबात नको. कॉटन घाम पितं आणि मग दिवसभर ओलंच अंगाला चिकटून बसतं. पॉलिएस्टर घे, क्विक ड्राय.” आता गंमत बघा. आमच्या लहानपणी टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं कापड, गेलं आणि सुती आलं, तेव्हा ‘अंगाला बरं’ म्हणून आईने कौतुकाने सुती कापड घेतलं होतं. इतकी वर्षं सुती वापरून झाल्यावर मी पुन्हा पॉलिएस्टरला आले, तेही तिप्पट पैसे मोजून.

दुकानातल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, “मॅम, आधी कुठले ट्रेक केलेत?” मी पांडवलेणी सांगितली. त्याने ‘बिगिनर’ असं काहीतरी मनात लिहून घेतलं आणि मला बुटांकडे नेलं. बूट संध्याकाळी घ्यायचे असतात हे मला तिथे कळलं. दिवसभरात पाय जरा फुगलेले असतात, म्हणून. शिवाय बोटांपुढे अंगठाभर जागा हवी, नाहीतर उतरताना बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी होतात. चाचणीसाठी दुकानात एक लाकडी उतार केला होता, वर खोटे दगड चिकटवलेले. मी त्या दोन फुटी डोंगरावर चढले, वर थांबले, खाली बघितलं. शेजारी सायकलची टोपी बघणारं एक कुटुंब माझ्याकडे बघत होतं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं शिखर. बूट ३४९९ रुपयांचे.

मग पँट. ही पँट म्हणजे एकात दोन. गुडघ्याला गोल चेन असते, ती उघडली की खालचा पाय सुटून हातात येतो आणि वर हाफ पँट उरते. हाफ पँट घालायचा माझा इरादा या जन्मी नव्हता, पण ट्रायल रूममध्ये उघडून बघायचा मोह आवरला नाही. दोन्ही पाय काढले. परत लावताना उजवा कुठला आणि डावा कुठला ते कळेना. एक पाय चेनला लागला, पण पिळा पडून, म्हणजे पोटरीची शिवण नडगीवर आली. दुसरा अर्ध्यात अडकला. बाहेर नवरा विचारतोय, “झालं का गं?” मी म्हटलं, “एक झालाय.” शेवटी दुकानातली एक मुलगी पडद्याच्या फटीतून हात घालून म्हणाली, “मॅम, चेनच्या टोकाला रंग असतो, लाल लालला लावायचा.” ही माहिती बाहेर पाटीवर लिहायला हवी.

पण त्या पँटला सात खिसे होते. साडीला एक नाही, पंजाबी ड्रेसला शिंप्याशी भांडून मिळाला तर एक, आणि इथे सात! घरी आल्यावर मी सातही खिशांत काहीतरी ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मला काहीच सापडेना. गाडीची किल्ली शोधताना स्वतःचीच झडती घ्यावी लागते, तीही भररस्त्यात.

जॅकेटच्या बाबतीत चूक माझी. तो मुलगा दोन जॅकेटं दाखवत होता. एक वॉटरप्रूफ, त्यावर ५००० असा आकडा. “म्हणजे मॅम, कापडावर पाच मीटर उंच पाण्याचा थर उभा केला तरी आत येणार नाही.” मी म्हटलं, “अरे बाळा, मला डोंगर चढायचाय, गंगापूर धरणात नाही उतरायचं.” दुसरं जॅकेट वॉटर रेपेलंट. पाणी त्यावरून मोत्यांसारखं ओघळतं, त्याने बाटलीतलं शिंपडून दाखवलं. दोन्हींत २२०० रुपयांचा फरक. मी मोती घेतले.

आणि टी-शर्ट. रंगाचं नाव पीच. मला तो फिकट आंब्याच्या बर्फीचा वाटला, पण फोटोत उठून दिसेल म्हणून घेतला. खरं सांगायचं तर सगळी खरेदी ‘फोटोत कसं दिसेल’ याच हिशोबाने चालली होती. कळसूबाई एकदा चढायची, फोटो जन्मभर बघायचे.

श्रावणातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही घोटीमार्गे बारी गावात पोचलो. भुरभुर पाऊस. पहिली वीस मिनिटं पाणी खरोखर मोत्यांसारखं ओघळलं. मग मोत्यांना कंटाळा आला आणि ते आत शिरले. पाऊण तासात माझं जॅकेट आणि मी, दोघी सारख्याच भिजलो होतो.

वाटेत निळी ताडपत्री लावून एक मावशी चहा-भजी विकत होत्या. तिथे मी जॅकेट काढून पिळलं. मावशींनी माझ्या टी-शर्टची बाही दोन बोटांत धरून कापड पारखलं, साडीच्या दुकानात पोत बघतात तसं.

“केवढ्याला?”

मी किंमत थोडी कमी करून सांगितली. तरी त्यांचा हात झटकन मागे गेला.

“आन् तोंड कशानं पुसायचं याच्यात?”

हा प्रश्न मला दुकानात सुचला नव्हता. मी चष्मा काढून टी-शर्टच्या टोकाने पुसून बघितला. जे पाणी काचेवर थेंबांत होतं ते आता सगळीकडे सारखं पसरलं. घाम न पिणारं कापड पाऊस तरी कशाला पिईल? मावशींनी काही न बोलता पदराचं टोक पुढे केलं. चष्मा एका फटक्यात लख्ख. मग त्यांनी ताडपत्रीमागून प्लास्टिकचे रेनकोट काढले, पन्नास रुपयांना एक. डोंबिवलीचीने गुलाबी घेतला, बँकेतलीने पिवळा, डॉक्टरीणबाईंनी निळा. मी विचार करून पारदर्शक घेतला. आतले कपडे दिसायला नकोत का?

दहा मिनिटांत तो आतून वाफेने पांढरा झाला.

लोखंडी शिड्यांपाशी गर्दी तुंबली होती. थांबल्या थांबल्या डॉक्टरीणबाईंनी कळसूची गोष्ट सांगितली. ही मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण अट घालून: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस पाटलाने बळजबरी करून तेच काम करायला लावलं, तशी ती घर सोडून डोंगरावर निघून गेली ती कायमची. मला ही देवी तिथे शिडीवरच मनापासून पटली. राज्यात सगळ्यांत उंचावर देऊळ कुणाचं, तर भांडी घासायला नाही म्हणणारीचं.

वर पोचलो तेव्हा देवळापलीकडे फक्त धुकं होतं. आम्ही हात जोडले, चौघींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, प्लास्टिक प्लास्टिकला चिकटलं. बँकेतलीने पुठ्ठ्यावर लिहून आणलं होतं: ‘पन्नाशी @ १६४६’. तो पुठ्ठा धरून आम्ही उभ्या राहिलो आणि एका कॉलेजच्या मुलाने फोटो काढला. त्या फोटोत चार रंगांच्या चार पिशव्या आहेत. माझ्या सगळ्या खरेदीपैकी त्यात दिसतात ते फक्त बूट. पण ठळक दिसतात, चिखलासकट.

घरी आल्यावर गुडघे दोन दिवस बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी ते बोलायला लागले, तशी मी रविवार कारंज्याजवळ एका फोटोवाल्याकडे गेले. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला. “ताई, हा दाबलेला आहे. उशीवर फुटेल.” फोटो फुटतो म्हणजे काय ते त्याने समजावलं. व्हॉट्सॲप फोटो आकसून पाठवतं. छापायला दर इंचाला तीनशे ठिपके लागतात, यात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मिळून सोळाशेच्या आसपास आहेत. सोळा इंची उशीवर पसरले की इंचाला शंभर. “ओरिजिनल मागवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.” ओरिजिनल त्या कॉलेजच्या मुलाने डोंबिवलीचीच्या फोनवर काढलेला. डोंबिवलीचीने ‘जागा भरली’ म्हणून डिलीट केलेला. मी उशी फुटकीच करून घेतली. लांबून बघितली तर धुक्यात चार वेली फुलल्यासारखं दिसतं.

आधी त्याने फोटोच्या चार-बाय-सहाच्या प्रती काढल्या. “फिट करू की फुल?” फिट म्हणजे कडेला पांढरी पट्टी राहणार. पैसे पूर्ण कागदाचे द्यायचे तर पट्टी कशाला? मी ठसक्यात म्हटलं, “फुल.” मोबाइलच्या फोटोची चौकट आणि चार-बाय-सहाची चौकट सारखी नसते, हे मला प्रती हातात आल्यावर कळलं. कापावं काहीतरी लागतंच, आणि त्याने डोकी वाचवून खालून कापलं. ३४९९ रुपये घोट्यापासून गेले. मॅग्नेटही त्यातूनच केलेलं, त्यामुळे फ्रिजवरसुद्धा मी पायांशिवाय आहे.

मगवर छापताना फोटो आधी खास कागदावर उलटा छापतात, तो कागद मगभोवती गुंडाळतात आणि इस्त्रीसारख्या तापलेल्या यंत्रात दाबून धरतात. शाईची वाफ होऊन ती मगच्या लेपात शिरते. हे सगळं मी स्टुलावर बसून पाहिलं. पहिला मग गारच होत होता तेव्हा मला जाणवलं की पुठ्ठ्यावरची पन्नाशी डावीकडे तोंड करून उभी आहे. पोरगा उलटं करायला विसरला होता. मी दाखवलं तर म्हणतो, “ताई, आरशात बघितलं की बरोबर वाचता येईल.” तो मग त्याने निम्म्या किमतीत दिला आणि मी घेतला. माझ्यातली गृहिणी निम्मी किंमत ऐकली की विचार करायचं थांबते.

टी-शर्टची कल्पनाही त्याचीच. “हा प्रिंट कॉटनवर बसत नाही. पॉलिएस्टर लागतं. आहे का काही?” आहे का! मी दुसऱ्याच दिवशी पीच टी-शर्ट धुऊन घेऊन गेले. पाणी पीत नाही, घाम पीत नाही, चष्मा पुसत नाही, पण शाई त्याने आनंदाने प्यायली. फक्त या शाईत पांढरा रंग नसतो. जिथे पांढरं तिथे कापडाचाच रंग दिसतो. त्यामुळे कळसूबाईवरचं धुकं आंब्याच्या बर्फीचं आलं आणि माझा पांढरा झालेला रेनकोट त्यात विरघळून गेला. आता छातीवर तीन बायका आहेत आणि पुठ्ठ्याचं एक टोक हवेत तरंगतंय.

उलट्या मगला त्याने बजावलं होतं, तारेची घासणी लावायची नाही. आमच्याकडे भांड्यांच्या मावशी चार दिवस सुट्टीवर गेल्या आणि नवऱ्याने प्रेमाने भांडी घासली. चहाचे डाग गेले. बँकेतलीचं डोकंही गेलं. मी त्याला कळसूची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “म्हणजे मीही डोंगरावर जाऊ का?”

राहिला जादूचा मग. गार असताना नुसता काळा, गरम चहा ओतला की काळा लेप पारदर्शक होतो आणि फोटो वर येतो. हा मी सासूबाईंना दिला. त्यांनी चष्मा लावला, चहा ओतून घेतला, आणि चार पिशव्या हळूहळू उगवताना निरखून पाहिल्या. मी वाट बघत होते, आता विचारतील यातली तू कुठली.

“ही तू. दुधाची पिशवी.”

“कसं ओळखलंत?”

“कमरेवर हात ठेवून उभी आहेस ना. महिनाअखेरीला दूधवाल्याशी हिशोबाला उभी राहतेस तशीच.”

मी फोटो पुन्हा बघितला. इतका खर्च करून मी कपडे मिरवत होते आणि त्या हाताकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

अडचण एकच आहे. सासूबाई चहा बशीत ओतून पितात. जादूचा मग वरून रिकामा होत जातो तसा गार होतो, आधी धुकं जातं, मग पुठ्ठा, मग आमची तोंडं. दुसऱ्या बशीला फक्त कमरेवरचा हात उरतो. आता रोज दुपारी साडेतीनला आतून हाक येते:

“चहा टाक गं. बघू आज किती वेळ टिकतेस.”