पहिलं ऑस्कर म्हणे कुत्र्याला मिळणार होतं

ती पोस्ट परत फिरायला लागलीय. १९२९ च्या पहिल्या ऑस्करला बेस्ट अ‍ॅक्टरची सगळ्यात जास्त मतं रिन टिन टिन नावाच्या कुत्र्याला पडली, स्टेजवर पाकीट उघडल्यावर आयोजकांचे चेहरे पडले, घाईघाईत फेरमतदान करून एमिल यानिंग्स या नटाला ट्रॉफी दिली, म्हणजे अवॉर्ड पहिल्या दिवसापासूनच फिक्स. माझ्या तीन ग्रुपवर आली आणि तिन्हीकडे लोकांनी खरी मानली, म्हणून लिहितोय.

कुत्रा खरा होता आणि स्टारही होता, त्यात वाद नाही. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, ली डंकन या अमेरिकन सैनिकाला फ्रान्समध्ये तो पिल्लू असताना सापडला, पुढे वॉर्नर ब्रदर्सने त्याच्यावर भरपूर कमाई केली. पण पुढचं सगळं तपासून बघा.

पाकीट. त्या रात्री पाकीट नव्हतंच हो! १६ मे १९२९, हॉलिवूडचं रूझवेल्ट हॉटेल, साधारण २७० माणसं जेवायला, तिकीट ५ डॉलर, आणि बक्षिसं वाटायला जेमतेम १५ मिनिटं. विनर कोण ते फेब्रुवारीतच जाहीर झालं होतं, म्हणजे दचकायला कोणाला काही शिल्लकच नव्हतं. बंद पाकिटाची पद्धत १९४१ पासूनची. आणि यानिंग्स तर त्या रात्री हॉलमध्ये पण नव्हता, तो युरोपला परत निघालेला म्हणून त्याची ट्रॉफी त्याला आधीच देऊन टाकली होती.

आता मतांचं, आणि खरी गोम इथेच आहे. आपण आजची पद्धत डोक्यात ठेवून वाचतो की अकॅडमीच्या, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेच्या, सगळ्या मेंबरांनी मतं टाकली, मोजली, जास्त मतं तो जिंकला. तेव्हा तसं नव्हतं. मेंबरांनी फक्त नावं सुचवायची, जास्त वेळा आलेली दहा नावं अकॅडमीच्या त्या त्या शाखेच्या (नट, दिग्दर्शक, लेखक वगैरे) पाच परीक्षकांकडे जायची, ते तीन ठेवायचे, आणि शेवटचा निर्णय पाच शाखांचा एकेक माणूस अशा पाच जणांच्या मंडळाचा. म्हणजे समजा कुत्र्याचं नाव पहिल्या टप्प्यात शंभर जणांनी लिहिलं असतं तरी तो "जिंकला" असं होत नव्हतं, आणि जी मतमोजणी मुळात नव्हतीच तिचं फेरमतदान कसलं?

यानिंग्सला उगाच दिलं हे पण पटत नाही. 'द लास्ट कमांड' आणि 'द वे ऑफ ऑल फ्लेश' अशा दोन सिनेमांसाठी त्याला मिळालं, आणि तेव्हा तो जगातल्या मोठ्या नटांपैकी एक होता. (पुढे तो नाझींच्या प्रचारपटांत दिसला, ते वाईटच, पण १९२९ च्या हिशोबात ते धरता येत नाही.)

पोस्टमध्ये शेवटी "जगातलं पहिलं फिल्म अवॉर्ड" असंही ठोकून दिलंय. तेही चूक, फोटोप्ले मासिकाचं सुवर्णपदक १९२० च्या सिनेमांपासून वाचकांच्या मतांवर दिलं जात होतं.

मला राग याचा येतो की कुत्र्याच्या गोष्टीत खरा घोळ झाकला जातो. अकॅडमी काढण्यात पुढाकार एमजीएम स्टुडिओच्या लुई बी. मेयरचा, आणि स्टुडिओत कामगार युनियन शिरू नये हा त्यामागचा मोठा हेतू होता. पाच जणांनी बंद दाराआड ठरवायचं ही रचना त्याच वळणाची. दुसऱ्याच वर्षी 'कोकेट'साठी मेरी पिकफर्डला बेस्ट अ‍ॅक्ट्रेस मिळालं, ती स्वतः अकॅडमीच्या संस्थापकांपैकी एक, आणि निकालाआधी तिने परीक्षकांना आपल्या पिकफेअर बंगल्यावर चहाला बोलावलं होतं. त्यावर बोंबाबोंब झाली आणि त्यानंतरच्या अवॉर्डपासून शेवटचं मत सगळ्या मेंबरांच्या हातात आलं. फिक्सिंगचा किस्सा फॉरवर्ड करायचाच असेल तर हा करा.