फ्लेक्सवरचं वचन आणि बाजाराच्या दिवसाचं टेबल

सर्वांना सलाम.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी चर्चच्या वेदीमागे वर्षाचं वचन, म्हणजे बायबलमधली एखादी ओळ, फ्लेक्सवर लागतं. ईस्टरपर्यंत त्याचे कोपरे सुटतात आणि पावसाळ्यात तोच फ्लेक्स कोणाच्या तरी कुटारावर झाकलेला दिसतो. वचनाचा त्यात काही दोष नाही. पण मंडळीत (चर्चच्या सभासदांत) नवा जीव यावा म्हणून शहरातून वक्ता आणायचा, तीन दिवस उज्जीवन सभा घ्यायच्या आणि शेवटच्या दिवशीचं जेवण उरकलं की सगळं जिथल्या तिथे, हे आपल्या विदर्भातल्या खेड्यांतून किती वर्षं चालवायचं?

दुखणं जुनं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मंडळ्या कामाभोवती उभ्या राहिल्या. 1899-1900 च्या दुष्काळातली अनाथालयं, कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णालय, उमरीचा आणि वाशीमचा दवाखाना, शाळा, बोर्डिंगं. काम मिशनचं, पगार मिशनचा. मंडळी त्या सावलीत रविवारी जमायची. मिशनरी गेले आणि आपल्याकडे राहिली इमारत, कब्रस्तान आणि जमिनीच्या खटल्यात कोर्टाची तारीख. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एक झाल्या, पाट्या बदलल्या. पण गावातल्या तीस-चाळीस ख्रिस्ती घरांनी आता आपण कशासाठी आहोत, हे ठरवायचं राहूनच गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ठरवायचं असेल तर उपवासकाळात ठरवा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत सहा रविवार मिळतात. तूर घरात आलेली असते, पऱ्हाटीची शेवटची वेचणी उरकत आलेली असते आणि मृगाला अवकाश असतो. जूनमध्ये किंवा सोयाबीनच्या सोंगणीत सभा लावली तर म्हातारे आणि पाळकसाहेब एवढेच बसतात. कमिटीची निवडणूक दोन महिन्यांवर असेल तर सरळ थांबा. नाहीतर प्रत्येक सूचना कोणत्या घराण्याची, एवढंच लोक मोजतील.

पहिल्या दोन रविवारी फक्त हिशोब. मागच्या वर्षीची खजिनदाराची वही उघडा आणि खर्च तीन ठिकाणी मांडा: पाळकांचा पगार व वरच्या चर्चसंस्थेला भरायचा वाटा, इमारत, आणि मंडळीबाहेरच्या गावासाठी. तिसरी बेरीज फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. त्यावर भाषण करायची गरज नाही. नाताळाची ब्लँकेटं त्यात धरू नका, ती फोटोसाठी असतात.

पुढचे दोन आठवडे जोडीजोडीने फिरा. जोडीत एक जुनं माणूस आणि एक तिशीच्या आतलं. आशाताईंकडे जा (साधारण हजार वस्तीमागे एक आशा असते, घराघराची खबर तिला), अंगणवाडीत जा, पोलिस पाटलांना भेटा. प्रश्न एकच विचारायचा: गावात अशी कोणती अडचण आहे, जिला पैशापेक्षा माणूस लागतो? उत्तरं लिहून आणा, उपाय सुचवून येऊ नका.

मग एकच काम निवडा. आठ माणसांत, आठवड्याला दोन तासांत, देणगीदाराशिवाय आणि सोंगणीच्या दिवसांतही जे चालेल, ते घ्यायचं. शाळा काढू, दवाखाना काढू, हे पहिल्या चाळणीतच गळतं. गळू द्या.

आपल्या पट्ट्यात वारंवार पुढे येणारं काम म्हणजे नवरा गेलेल्या बायांची कागदपत्रं. त्यात शेतकरी आत्महत्येची घरंही आली. चर्चच्या व्हरांड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी टेबल लावा, कारण त्या दिवशी बाई गावात येतेच, वेगळी मजुरी बुडत नाही. टेबलावर काळं पेन, स्टॅम्प पॅड, स्टेपलर, गोंद आणि एक वही. वहीत नाव, तारीख, कोणता कागद, कुठे अडला, पुन्हा कधी यायचं. मूळ कागद एक रात्रसुद्धा आपल्याकडे ठेवायचा नाही. झेरॉक्स काढून हातोहात परत.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती नावावर. आधारवर शांताबाई, पासबुकावर शांता, रेशनकार्डावर शांतीबाई. तीन खिडक्यांवर तीन बाया, आणि पैसे एकीलाही नाहीत. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून शक्यतो आधार कायम धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत. वारसाचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत. नोटिशीनंतर हरकतीसाठी 15 दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. इथे दीर किंवा सासरा आडवा येतो. तेव्हा भांडायला जाऊ नका, पोलिस पाटलांना मध्ये घ्या.

संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 रुपये. त्यासाठी वय 65 च्या आत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 पर्यंत, दाखला तहसीलचा. मंजूर झालेलं अनुदानसुद्धा हयातीच्या दाखल्यावाचून किंवा खात्याला आधार जोडलेलं नसलं की बंद पडतं, म्हणून जुन्या नावांकडेही दरवर्षी पुन्हा पाहावं लागतं. आत्महत्येच्या प्रकरणात सरकारी मदत एक लाखाची: 30,000 हाती, 70,000 ठेवीत. सातबारा कुटुंबाच्या नावावर नसला किंवा बँक, सोसायटी वा परवानाधारक सावकाराचं थकीत कर्ज दाखवता आलं नाही, तर प्रकरण अपात्र ठरतं. बाईला हे आधीच सांगा. खोटी आशा लावून तहसीलच्या चकरा घालायला लावणं वाईट. आणि समोरची बाई, किंवा तिचा पोरगा, "आता जगून काय करू" असं बोलला तर अर्ज बाजूला ठेवा, एकटं सोडू नका, तिथूनच 14416 लावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे, फुकट.

"हे काम सरकारचं हाय, आपल्याले काय करा लागते?" असं एखादे पंच म्हणतीलच. त्यांना बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचायला द्या. विधवांची आबाळ होते अशी कुरकुर तिथेही झाली होती आणि त्यासाठी मंडळीने सात माणसं निवडली. प्रेषितांनी ते काम स्वतःकडे ठेवलं नाही, आणि माझ्या मते कळीची गोष्ट ही आहे. पाळकांची बदली होते. काम त्यांच्या नावावर चाललं तर ते सामानाच्या टेम्पोबरोबरच जातं. म्हणून वही दोन बिनपगारी माणसांकडे द्या, त्यातली एक पस्तिशीच्या आतली बाई. पाळकसाहेबांनी प्रार्थना करावी आणि तहसीलदारांकडे जायची वेळ आली तर सोबत जावं.

रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेआधी दोन मिनिटं निवेदन: या आठवड्यात किती आल्या, कुठे अडलं. नावं घ्यायची नाहीत; गाव लहान असतं. कमिटीच्या बैठकीत हा विषय पहिला आणि जमिनीचा खटला शेवटी, अर्ध्या तासाच्या वर नाही. खटला आधी घेतला की बाकी काही होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. झेरॉक्स-प्रवासाला हंगामाच्या सणाचा लिलाव पुरतो. भोपळा, तूर, कोंबडी यांची बोली लावताना हे पैसे कशाला जाणार ते आधी सांगा, बोली आपोआप चढते. मिझोरामच्या मंडळ्या रोजच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ बाजूला काढून केवढं काम चालवतात!

टेबलावर आलेल्या बाईला रविवारी बोलवायचं नाही, धर्मप्रचाराची पत्रिका द्यायची नाही, फोटो काढायचा नाही. एकदा का "कागदाच्या बदल्यात धर्म" ही कुजबुज सुटली की बायाच यायच्या थांबतील. सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत तोंडी कल्पना देऊन ठेवा.

आणि चर्चची किल्ली. ती बहुतेक ठिकाणी एकाच घरात असते, आणि बाजाराच्या दिवशी ते घर नेमकं वेचणीला वावरात गेलेलं असतं. दुसरी किल्ली आधी करून घ्या.