ऑफशोअर बँकिंग आणि बेटं : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

लहान बेटांनी ऑफशोअर बँकांना, म्हणजे फक्त परदेशी ग्राहकांसाठी चालणाऱ्या बँकांना, परवाने देऊ नयेत, या माझ्या म्हणण्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा : लहान बेटाकडे ना शेतजमीन, ना कारखाने, ना बाजारपेठ. अशा देशाला परदेशी बँकांना परवाने देऊन उत्पन्न मिळत असेल, तर त्याला 'नको' म्हणणं हा मोठ्या देशांचा दुटप्पीपणा आहे. कॅरिबियनमधलं केमन बेट याच वाटेनं श्रीमंत झालं, मग इतरांनी का होऊ नये?

दुटप्पीपणाचा मुद्दा पूर्ण मान्य. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने २००० साली ३५ करस्वर्गांची, म्हणजे कर चुकवायला सोयीच्या ठिकाणांची, यादी काढली, त्यात बहुतेक लहान बेटं होती. स्वित्झर्लंड आणि लक्झेंबर्ग नव्हते. खात्यांची माहिती देशोदेशी आपोआप पाठवण्याच्या व्यवस्थेत आज शंभराहून जास्त देश आहेत, अमेरिका अजूनही बाहेरच आहे. हा उघड अन्याय आहे. पण माझा विरोध नीतिमत्तेच्या मुद्द्यावर नाहीच. या धंद्यात नफा परवानाधारकाचा होतो आणि धोक्यात येते ती बेटावरच्या सामान्य माणसाची डॉलरची वाट, एवढंच माझं म्हणणं आहे.

ही वाट कशी चालते ते बघा. बेटावरच्या व्यापाऱ्याला तांदळाचा कंटेनर मागवायचा असतो. तो स्थानिक बँकेत पैसे भरतो. त्या बँकेचं न्यूयॉर्कमधल्या एखाद्या मोठ्या बँकेत डॉलर खातं असतं; त्यातून रक्कम निर्यातदाराच्या बँकेकडे जाते. ही मोठी बँक म्हणजे कॉरस्पॉन्डंट बँक. लहान बेटांना अशा मोजक्याच बँका मिळतात, कधी कधी एकच. पैसे पाठवण्याच्या संदेशात प्रत्येक बँकेचा स्विफ्ट कोड असतो, आठ किंवा अकरा अक्षरांचा. पहिली चार अक्षरं बँकेची; पाचवं आणि सहावं देशाचं. प्रशांत महासागरातल्या नाउरूचं 'एनआर', वानुआतूचं 'व्हीयू'. कॉरस्पॉन्डंट बँकेत देशावरून जोखमीची श्रेणी ठरते आणि त्यावरून तपासणी किती कडक करायची ते. तुम्ही कायद्यात परदेशी ग्राहकांच्या बँका आणि स्थानिक बँका यांच्यामध्ये कितीही भक्कम भिंत घाला, कोडातली ती दोन अक्षरं दोघांनाही सारखीच लागतात.

आता कॉरस्पॉन्डंट बँकेच्या जागी बसून हिशोब करा. लहान बेटावरचे व्यवहार थोडे, म्हणून कमिशनही थोडं. तपासणीला माणसं मात्र तेवढीच लागतात. आणि चूक झाली तर दंड अवाढव्य : मनी लाँडरिंग रोखण्यातल्या हलगर्जीपणाबद्दल एचएसबीसीने २०१२ मध्ये अमेरिकेत सुमारे १.९ अब्ज डॉलर मोजले. अशा वेळी ती बँक बेटाची बाजू ऐकून घेत बसत नाही. नोटीस देते आणि खातं बंद करते.

हे नुसतं भीती दाखवणं नाही. नाउरूची लोकसंख्या दहा हजारांच्या घरात. फॉस्फेट संपत आल्यावर १९९० च्या दशकात त्या देशाने बँकांचे परवाने विकायला काढले. सुमारे ४०० बँका एकाच पत्त्यावर नोंदल्या गेल्या. बेटावर त्यांचा ना माणूस, ना टेबल. डिसेंबर १९९९ मध्ये बँक ऑफ न्यूयॉर्क आणि डॉइच बँकेने नाउरू, पलाऊ आणि वानुआतूकडे जाणारे डॉलरचे व्यवहार थांबवले. २००० साली एफएटीएफने, म्हणजे मनी लाँडरिंग रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, नाउरूला काळ्या यादीत टाकलं, २००१ च्या अखेरीस त्यावर आर्थिक निर्बंधांची भर पडली. नाव यादीतून निघालं २००५ मध्ये. दरम्यान सरकारी बँक ऑफ नाउरू डबघाईला आली होती. त्यामागे सरकारची स्वतःची उधळपट्टीही होती, सगळं खापर परवान्यांवर फोडणं बरोबर नाही. पण बदनाम झालेल्या देशात तिची जागा घ्यायला दुसरी बँक येईना. २०१५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन बँकेची एजन्सी उघडेपर्यंत लोक कित्येक वर्षं रोखीवरच दिवस काढत होते.

दुसरं उदाहरण कॅरिबियनमधल्या अँटिग्वाचं. इथे परवाना नुसता कागदावर नव्हता. स्टॅनफर्ड इंटरनॅशनल बँकेला इमारत होती, कर्मचारी होते. बाजारापेक्षा चढ्या व्याजाच्या ठेवी विकून तिने सुमारे ७ अब्ज डॉलर गोळा केले. ऑडिट एका छोट्याशा स्थानिक फर्मकडे. देखरेख करणाऱ्या संस्थेचा प्रमुखच लाच घेत होता, हे पुढे न्यायालयात त्याने स्वतः कबूल केलं. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेने ही फसवणूक उघड केली आणि लगेच रांगा लागल्या त्या बँक ऑफ अँटिग्वासमोर. ती याच मालकाची, पण स्थानिक लोकांची वेगळी बँक. शेवटी ईस्टर्न कॅरिबियन सेंट्रल बँकेला ती ताब्यात घ्यावी लागली. बहुतेक ठेवी परदेशी लोकांच्या होत्या, धास्ती मात्र बेटावरच्या पगारदाराने घेतली.

केमनचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते इतरांना लागू पडत नाही. मुळात केमन स्वतंत्र देश नाही, ब्रिटनच्या ताब्यातला प्रदेश आहे. तिथल्या खटल्यांचं शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या न्यायमंडळाकडे जातं. बँकांचा कायदा १९६६ चा. १९६९ पासून अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने अमेरिकी बँकांना बहामाच्या नसाऊ शहरात आणि केमनमध्ये नावापुरत्या शाखा काढू दिल्या, कारण लंडनला शाखा थाटणं लहान बँकांना परवडत नव्हतं. ती संधी त्या काळाची होती. आज केमनचा मुख्य धंदा गुंतवणूक फंडांचा आहे आणि त्यामागे वकील, हिशोबनीस, प्रशासक यांची दोन पिढ्यांची फळी आहे. एवढं असूनही २०२१ ते २०२३ या काळात ते एफएटीएफच्या करड्या यादीत, म्हणजे जादा देखरेखीखालच्या देशांत, होतंच. नव्याने सुरुवात करणाऱ्या बेटाच्या हातात गुप्तताही उरलेली नाही. खात्यांची माहिती २०१७ पासून देशोदेशी जाते आहे. अमेरिकी बँकांना शेल बँकांची, म्हणजे कुठेच प्रत्यक्ष कार्यालय नसलेल्या कागदी बँकांची, खाती ठेवायला २००१ पासून बंदी आहे.

तुमच्या गणितात फी आहे, खर्च नाही. समजा, १०० परवाने आणि प्रत्येकी वर्षाला २५,००० डॉलर. म्हणजे २५ लाख डॉलर. एका तपासनिसाला पाच-सहा बँकांहून जास्त नीट तपासता येत नाहीत असं धरलं, तर १८ तपासनीस हवेत. ते बेटावर मिळत नाहीत; बाहेरून आणले, तर घर आणि प्रवासासकट प्रत्येकी १ लाख २० हजार डॉलर धरा. झाले २१ लाख ६० हजार. उरलेल्या ३ लाख ४० हजारांत वकील, निर्बंध-याद्या तपासणारं सॉफ्टवेअर आणि परदेशी तपासयंत्रणांच्या पत्रांना उत्तरं देणारी कचेरी बसवा. नफा दिसतो तो फक्त तपासनीस न नेमल्यावर. नाउरूने नेमकं तेच केलं. फी वाढवून प्रश्न सुटत नाही, कारण जास्त फी आनंदाने भरणारा ग्राहक बहुधा असा असतो, ज्याला दुसरीकडे दार बंद झालेलं आहे.

मग बेटांनी खायचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. प्रशांत महासागरातल्या आठ देशांनी नाउरू कराराखाली ट्यूना मासेमारीचे दिवस विकायला सुरुवात केली; न्यूझीलंडच्या ताब्यातलं तोकेलाऊही त्यात आहे. एका बोटीच्या एका दिवसाचा किमान दर ८,००० डॉलर. किरिबाटी आणि तुवालूच्या सरकारी महसुलात याचा वाटा फार मोठा आहे. इथे विकला जातो तो आपल्या समुद्रातला हक्क, आणि देखरेखीत उपग्रह व बोटीवरचा निरीक्षक यांच्यावर भागतं. परदेशी जहाजांना आपला झेंडा देणारी मार्शल बेटांची जहाजनोंदणीही आहे. तिचं काम अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालतं. तिच्यावरही टीका होते, पण एखादं जहाज दोषी निघालं म्हणून राजधानी माजुरोतल्या खातेदाराचे पैसे अडकत नाहीत. कंपन्यांच्या स्वतःच्या विमाकंपन्या नोंदवणं हाही मधला पर्याय. त्यात जनतेच्या ठेवी नसतात.

तरीही एखादं सरकार हट्टाला पेटलंच, तर निदान क्रम उलटा करू नये. आधी कॉरस्पॉन्डंट बँकांकडून लेखी घ्यावं, की अमुक प्रकारचे परवाने दिले तर स्थानिक बँकांची खाती चालू राहतील. एकच बँक 'हो' म्हणत असेल, तर तिथेच थांबावं. मग तपासनीस नेमावेत, मग कायदा करावा आणि सर्वांत शेवटी पहिला परवाना द्यावा. खऱ्या मालकाची नोंद परवान्याआधी हवी, आणि परवाना-शुल्क अर्थसंकल्पात न मिसळता देखरेखीसाठी राखून ठेवायला हवं. एकदा त्यावर पगार सुरू झाले, की कुठलाही मंत्री वाईट बँक बंद करायला धजावत नाही.

आणि ज्या बेटांनी परवाने आधीच देऊन ठेवलेत, त्यांच्यासाठी वानुआतूची पद्धत उपयोगी आहे. २००२ च्या कायद्याने तिथे परदेशी ग्राहकांच्या बँकांना कार्यालय, माणसं आणि दप्तर बेटावर ठेवण्याची सक्ती झाली. त्यानंतर बहुतेकांनी गाशा गुंडाळला. फक्त मुदत जाहीर करण्याआधी कॉरस्पॉन्डंट बँकांना कळवावं. नाहीतर बँका बंद होत असल्याची बातमी त्यांना वर्तमानपत्रातून कळते आणि ज्या खात्यांसाठी हा खटाटोप केला, तीच आधी गोठतात.