वरचा बोल्ट

गेले तीन महिने मी गाडी फक्त उतारावर लावत होतो. कुणाकडे जायचं ठरलं की लोक पत्ता विचारतात, मी विचारायचो, "तुमच्या घरासमोर उतार आहे का? आणि असला तर कुठल्या बाजूला?" समोरच्याला वाटायचं, याला गुडघेदुखी सुरू झाली. मीही तो गैरसमज दूर करत नसे. गाडीपेक्षा गुडघे बिघडले असं सांगणं जास्त सन्मानाचं वाटायचं.

गाडी एकोणीस वर्षांची आहे. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागायचे, बॉनेटखालून एकच "टक्" असा आवाज यायचा आणि त्यानंतर शांतता पसरायची. त्या शांततेत शेजारच्या खिडक्या उघडल्याचे आवाज फार स्पष्ट ऐकू यायचे. मग एखाद्या खिडकीतून निदान यायचं, "सेल्फ घेत नाही वाटतं."

सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारा स्टार्टर! नाव बघा. १९१२ साली कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर आला. तोपर्यंत गाडी चालू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडून घ्यायचं. केटरिंगसाहेबांनी माणसाचे हात वाचवले. त्याच यंत्रापायी शंभरावर वर्षांनी माझ्या हाताची चार बोटं सोलून निघणार होती, याची त्यांना काय कल्पना असणार?

तर, रोज सकाळी आमच्याकडे धक्का मंडळ जमायचं. समोरचे काका, वरच्या मजल्यावरची कॉलेजातली दोन पोरं आणि योगायोगाने तिथून जाणारा जो कोणी असेल तो. काका सत्तरीचे, त्यामुळे ते धक्का मारत नसत. ते हुकूम सोडत. किल्ली ऑन, गिअर दुसरा, क्लच तळापर्यंत. पहिल्या गिअरमध्ये फार मोठा हिसका बसतो आणि चाकं अडतात, म्हणून दुसरा. हे काका दर सकाळी नव्याने समजावून सांगत. मग पोरं ढकलत, गाडी वेग धरी आणि काका हात वर करून गरजत, "सोड!" मी क्लच सोडायचो, गाडी उचकी लागल्यासारखी दोनदा हलायची आणि सुरू व्हायची. मी खिडकीतून हात हलवायचो. मागे थांबलो तर बंद पडायची भीती, त्यामुळे तीन महिन्यांत एकाही माणसाचे धड आभार मानता आले नाहीत.

निदानाच्या बाबतीत मंडळात फूट होती. काकांचा बॅटरीवर संशय. पोरांचं म्हणणं, हॉर्न वाजतोय, दिवे लागतायत, मग बॅटरी कशी गेली असेल? हे ऐकायला पटतं, पण हिशोब वेगळा आहे. हेडलाइटचा एक बल्ब पाचेक अँपिअर घेतो; इंजिन फिरवायला स्टार्टरला शंभर-दीडशे लागतात. मोडकळीला आलेली बॅटरीसुद्धा हॉर्न ऐटीत वाजवते. शेवटी मी मल्टिमीटर आणला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. किल्ली फिरवली तरी आकडा जेमतेम खाली सरकला. म्हणजे बॅटरी द्यायला तयार, पण पुढे घेणारं कोणी नाही. आणि बॅटरी मरतुकडी असती तर "टक्‌टक्‌टक्‌टक्" असा पाल चुकचुकल्यासारखा आवाज आला असता. आमचा एकच, ठाम टक्. मी निकाल जाहीर केला. काका म्हणाले, "तरीपण बॅटरी बदलून बघ."

मग कुणीतरी हातोडीचा उपाय सांगितला. स्टार्टरच्या अंगावर हलके दोन ठोके द्यायचे आणि लगेच किल्ली मारायची. आणि खरंच चाललं! आतले कार्बन, म्हणजे फिरत्या तांब्याला वीज पोचवणारे तुकडे, झिजले की ते तांब्याला नीट टेकत नाहीत. ठोक्याने हलले की तात्पुरते टेकतात. पुढचे तीन आठवडे सीटखाली हातोडी. ऑफिसच्या इस्त्रीच्या कपड्यांत बॉनेट उघडून हातोडी चालवणारा माणूस बघून सिग्नलवरच्या लोकांनी काय अर्थ काढले असतील, यावर मी विचार करायचं सोडून दिलं. (काही स्टार्टरांच्या आत चुंबक चिकटवलेले असतात आणि ते अशा ठोक्यांनी तडकतात, हे मला नंतर कळलं. उपाय सांगणारा हे सांगायला विसरला होता.) चौथ्या आठवड्यात ठोक्यांनाही दाद मिळेना.

गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "दोन बोल्ट आहेत साहेब. अर्ध्या तासाचं काम."

या वाक्याने माझा घात केला. दोन बोल्ट, दोन वायरी. एवढ्यासाठी दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? रात्री एक व्हिडिओ पाहिला. त्यात गाडी हवेत उचललेली, इंजिन ताटासारखं लख्ख, आणि सांगणारा माणूस इतका शांत की ध्यान शिकवत असावा. खालचा बोल्ट त्याने सावकाश, सगळ्यांना दिसेल असा काढला. मग म्हणाला, "आता वरचा बोल्ट." पुढच्याच क्षणी वरचा बोल्ट त्याच्या हातात होता. मधे काय झालं? मी ते दृश्य सहा वेळा मागे नेऊन पाहिलं. एका क्षणी आत, एका क्षणी बाहेर. त्या कापलेल्या भागात त्या माणसाने काय शिव्या घातल्या असतील, हे आज मला शब्दशः माहीत आहे.

रविवारी सकाळी नवा स्टार्टर, पाने, सॉकेट, जुनं फडकं असा सगळा जामानिमा मांडून मी सज्ज झालो. बॅटरीला हात घालणार एवढ्यात बायको मागून म्हणाली, "काळी वायर आधी." मी म्हटलं, माहितेय. "लाल आधी काढताना पाना बॉडीला लागला की ठिणग्या उडतात. मी पण वाचलंय," ती म्हणाली. मी लालवर ठेवलेला हात सहज फिरवल्यासारखा काळीवर नेला.

जॅकवर गाडी उचलली, खाली दोन्ही बाजूंना स्टँड लावले, गाडी हलवून बघितली आणि मगच खाली शिरलो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारा माणूस शूर नसतो, त्याला फक्त अजून वेळ मिळालेला असतो. टॉर्च धरायला लेक होती. टॉर्च धरणाऱ्याची एक अडचण असते: त्याला जे बघायचं असतं तिकडे उजेड जातो. "बाबा, इथे कोळी आहे." कोळ्यावर झगझगीत उजेड, मी अंधारात. "बाबा, कोळ्याला पिल्लं आहेत." पाचव्या मिनिटाला एकोणीस वर्षांची धूळ, थोडा गंज आणि कसलंतरी तेल एवढं सगळं माझ्या तोंडावर पडलं होतं, आणि कोळ्याच्या घराण्याची मला पूर्ण माहिती झाली होती.

खालचा बोल्ट चार मिनिटांत निघाला. मी तो बाहेर काढून बायकोला दाखवला. अर्ध्या तासाचं काम म्हणे! पंधरा मिनिटांत उरकतो की नाही बघ.

आता वरचा.

वरून हात घातला तर हाताला लागतो, पण दिसत नाही. खालून बघितला तर दिसतो, पण हात पोचत नाही. वरच्याबद्दल संतमंडळी जे सांगत आली, ते मला त्या दिवशी पान्यासकट पटलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना भिडतात, तिथे मागच्या पत्र्याच्या कुशीत तो बसला होता. मी बॉनेटवरून पोटावर आडवा झालो, एक हात कोपरापर्यंत आत घातला आणि आंधळी कोशिंबीर सुरू केली. रिंग पाना डोक्यावर बसला. पण बाराकोनी पाना पुन्हा पुढच्या खाचेत बसवायचा तर निदान ३० अंश फिरायला हवा. तिथे जागा होती पंचवीसेक अंशांची. पाच अंशांनी माझा रविवार अडवला.

फिक्स पाना घेतला, उलटासुलटा करत पंधरा मिनिटं जीव खाऊन ओढला. बोल्ट ढिम्म. बायको म्हणाली, "डावीकडे फिरवतोयस ना?" मी चिडून म्हटलं, डावीकडेच. "डावीकडे म्हणजे तुझी, की बोल्टची?"

मी थांबलो. बोल्टचं डोकं माझ्याकडे पाठ करून, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला होतं. माझी डावी ही त्याची उजवी. गेली पंधरा मिनिटं मी त्याला सोडवत नव्हतो, सर्व शक्तीनिशी आवळत होतो.

यानंतर घरात दुपारपर्यंत कुणी माझ्याशी फारसं बोललं नाही, आणि ते बरंच झालं. मी गंज सोडवणारा स्प्रे मारून त्याला तासभर मुरू दिलं. मग मागून, गिअरबॉक्सच्या खालून, दोन एक्स्टेन्शन जोडून मधे युनिव्हर्सल जॉइंट घातला. हातभर लांब शेपूट तयार झालं. त्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सॉकेट, आणि मधल्या सांध्यामुळे सॉकेट मनाला येईल तिकडे मान टाकणार. तो बोल्टवर बसला की बोल्टशेजारी बसला, हे कळायला मार्ग नाही. तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, माझा हात जातो इथून." बारा वर्षांचा, बारीक मनगटाचा हात. मला तोपर्यंत तिचा उपयोग फक्त उजेडापुरता वाटत होता. तिने वरून फोनचा कॅमेरा आत सोडला, दोन बोटांनी सॉकेट डोक्यावर दाबून धरला, मी "हात काढ" म्हटल्यावर काढला, आणि मी रॅचेटवर अख्खा लोंबकळलो.

"कट्ट!"

बोल्ट सैल झाल्याचा आणि बोल्ट तुटल्याचा आवाज हुबेहूब सारखा असतो. पुढचे चार-पाच सेकंद मी गाडीखाली श्वास रोखून पडलो होतो. मग रॅचेट हलकं फिरलं. सैल झाला होता.

स्टार्टर चारेक किलोचा असेल. माझ्या छातीवर उतरला तेव्हा जास्त वाटला. आणि सुटला म्हणजे बाहेर आला असं नाही. ज्या फटीतून तो कारखान्यात आत गेला असेल ती मधल्या काळात अरुंद झाली असावी. या कुशीवर, त्या कुशीवर, तोंड वर, तोंड खाली. बाळंतपणाची अडचण म्हणजे काय याचा मला बाहेरून का होईना अंदाज आला.

उत्सुकता म्हणून जुना उघडून पाहिला. चार कार्बनांपैकी एकाची नखाएवढी चकती उरली होती आणि तांबं कोळशासारखं काळं. तो "टक्" कुठला तेही कळलं. किल्ली फिरली की स्टार्टरवरच्या विजेच्या चुंबकाच्या, म्हणजे सोलेनॉइडच्या, आतला दट्ट्या ओढला जातो. तो दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या, रिंगमध्ये अडकवतो आणि त्याच झटक्यात मोटरला वीज जोडून देतो. म्हणजे दट्ट्या आपलं काम तीन महिने इमाने इतबारे करत होता. रोज दार वाजवायचा. आतला उठत नव्हता.

नवा बसवण्यापूर्वी जमिनीवर ठेवून तपासावा असं वाचलं होतं, "पाय देऊन घट्ट धरावा" अशी सूचनाही होती. सूचनेतला "घट्ट" मला अतिशयोक्ती वाटला. जंपर केबल टेकवताच स्टार्टर उडी मारून चपलेवरून निसटला आणि बायकोच्या दिशेने निघाला. ती म्हणाली, "चालतोय."

बसवताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली, जी सकाळपासून मनाला शिवली नव्हती. वरचा बोल्ट परत घालायचा होता. सॉकेटमध्ये कागदाचा बोळा कोंबून बोल्ट घट्ट बसवला, तरी अर्ध्या वाटेत निसटला. टण्ण. टुण्ण. आणि तिसरा आवाज आलाच नाही. जमिनीवर पडल्याचा आवाज नाही म्हणजे तो जमिनीवर पोचला नाही, म्हणजे गाडीतच कुठेतरी मुक्कामाला थांबला. पाऊण तासाने काठीला बांधलेल्या चुंबकाला चिकटून बाहेर आला. तोवर अंधार पडला होता. दुसऱ्या प्रयत्नात लेकीने वरून बोटांनीच त्याचे पहिले दोन आटे लावले. माझ्या वाट्याला नुसतं आवळणं उरलं. ते मला सकाळपासून येतच होतं.

लाल वायर, मग काळी. किल्ली फिरवली. घर्रर्र, आणि इंजिन चालू. एक सेकंदसुद्धा लागला नाही. मी बंद करून पुन्हा चालू केली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. खिडक्या उघडल्या. काका खाली आले, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "छान. म्हणजे आता उद्यापासून आमचं काही काम नाही." वर जाताना जिन्यात म्हणाले, "बॅटरी पण एकदा दाखवून घे."

दुसऱ्या दिवशी खाली आलो तर गाडी उतारावर, तोंड खाली करून उभी. रात्री मीच लावली होती, सवयीने. काका फाटकाशी होते, बाह्या दुमडलेल्या. दोन्ही पोरं मागच्या डिकीला टेकून मोबाईल बघत होती. कुणी काही बोललं नाही.

मी आत बसलो. किल्ली ऑन केली, तिथेच थांबवली. दुसरा गिअर टाकला, क्लच तळापर्यंत दाबला आणि खिडकीतून म्हटलं, "चला."

काकांनी हात वर केला.