रोमनांना लोखंड गाळता येत नव्हतं? मग व्हिलाच्या शेजारची ही मळी कसली?

सध्या एक मजकूर ग्रुपांमधून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रोमनांना लोखंड गाळायची विद्याच नव्हती, त्यांचं सगळं लोखंड भारतातून जायचं. त्यांचे व्हिला म्हणजे निव्वळ श्रीमंतांच्या चैनीचे वाडे. तिथे सापडणारे काळे दगड, म्हणजे लोखंडाच्या कामातून उरणारी मळी, हा घरच्या लोहाराचा कचरा. आपल्या पोलादाचा मला अभिमान आहे, म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेलं हे खोटं खोडून काढायला हवं.

भारतातून लोखंड जात होतं, यात वाद नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या वर्णनात एरियाका प्रदेशातलं, म्हणजे साधारण गुजरात आणि उत्तर कोकणच्या बाजूचं, लोखंड आणि पोलाद तांबड्या समुद्राच्या बंदरांत उतरत असल्याची नोंद आहे. रोमन कायद्याच्या संहितेत जकात लागणाऱ्या मालाची एक यादी आहे, तिच्यात भारतीय लोखंड आहे. पण कोणाच्या पंगतीला? पिंपळी, हस्तिदंत आणि मोत्यांच्या. हा महागाचा, निवडक माल होता. स्कॉटलंडमधल्या इंचटुथिलची छावणी सोडताना रोमन सैन्याने खड्ड्यात पुरलेले खिळेच पावणेनऊ लाखांच्या घरात होते. इतके खिळे मोत्यांसोबत येणाऱ्या लोखंडाचे कोण करील?

व्हिला चैनीसाठी असायचे, हे अर्धंच खरं. बहुतेक व्हिलांच्या मागे शेती, रान, गुरं, कामकरी असा मोठा पसारा असे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमध्ये, सेव्हर्न नदीच्या काठी, वूलास्टनचा चेस्टर्स व्हिला आहे. तिथे १९८७ ते १९९१ या काळात पाहणी आणि उत्खनन झालं आणि व्हिलाच्या आवारालगत लोखंड गाळल्याचे अवशेष मिळाले. जागा बघितली की कारण कळतं: पाठीशी डीनचं जंगल, तिथे चुनखडकात लोहखनिज आणि लोणारी कोळशासाठी हवं तेवढं लाकूड, समोर माल न्यायला नदी.

आता 'लोहाराचा कचरा' हा मुद्दा. यावर जरा थांबतो, कारण ऐकायला तो सर्वांत पटण्यासारखा आहे. लोहाराची मळी आणि गाळणीची मळी वेगळी ओळखता येते. खनिज गाळताना भट्टीतलं तापमान १२०० अंशांच्या आसपास जातं. लोखंड वितळायला १५३८ लागतात, म्हणून ते घट्टच राहून भोकाभोकांचा गोळा बनतं आणि दगडमातीचा अंश पातळ होऊन भट्टीच्या तोंडातून बाहेर वाहतो. ही मळी हातात घेतली तर जड लागते आणि तिच्या पाठीवर वाहत्या चिखलासारख्या सुरकुत्या दिसतात. लोहाराच्या भट्टीत तळाशी वाटीच्या आकाराचा गोळा जमतो आणि ऐरणीभोवतीच्या मातीत हातोड्याने उडालेले बारीक पापुद्रे मिळतात. माती सुकवून तिच्यावरून लोहचुंबक फिरवला की ते चिकटून येतात. काही ठिकाणी दोन्ही खुणा सापडतात, कारण गाळलेला गोळा ठोकून घट्ट करायचं कामही तिथेच होई.

नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला महापाषाण काळातली, म्हणजे मोठ्या दगडांची दफनं बांधणाऱ्या लोकांच्या काळातली, लोखंडाची भट्टी सापडली, ती अशाच पुराव्यावर ओळखली गेली: मळी आणि भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या. नायकुंडचा पुरावा छाती फुगवून सांगायचा आणि तोच पुरावा वूलास्टनला निघाला की 'कचरा' म्हणायचं, हे मला मान्य नाही.

'रोमन ग्रंथांत लोखंड गाळण्याचा उल्लेखच नाही' हे वाक्यही त्या मजकुरात आहे. ते सरळ चूक आहे. रोमन काळातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस इटलीजवळच्या एल्बा बेटावर खनिज भट्टीत भाजून स्पंजासारखे गोळे निघत असल्याचं आणि व्यापारी ते विकत घेऊन लोहारांकडे नेत असल्याचं लिहितो.

आणि हे काम किती मोठ्या प्रमाणावर चाले? डीनच्या जंगलातली रोमन काळची मळी सतराव्या शतकात इंग्रजांनी उकरून पुन्हा भट्ट्यांत घातली, कारण तिच्यात भरपूर लोह शिल्लक होतं. कोयते-फाळ ठोकून एवढी मळी साचत नाही.