लोभ मान्य, पण वाटपाचं काय?

नमस्कार. १९९९-२००० च्या तेजीत डॉट-कॉमचे, म्हणजे नव्या इंटरनेट कंपन्यांचे, शेअर घेऊन बुडालेल्या अमेरिकी गुंतवणूकदारांची माझ्या लेखात मी बाजू घेतली, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या मते ते सट्टा खेळले, हरले आणि मग भरपाईसाठी कोर्टात गेले. गब्बर झाले ते फक्त वकील. आक्षेप हलका नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लोभाबद्दल वाद नाहीच. न्यायाधीश मिल्टन पोलॅक यांनी २००३ मध्ये मेरिल लिंच या अमेरिकी गुंतवणूक बँकेविरुद्धचे दावे फेटाळताना जवळजवळ तुमचंच म्हणणं मांडलं होतं: हे लोक मोठी जोखीम घेऊन सट्ट्यात उतरले आणि आता फुकटचा विमा मागताहेत. २००५ मध्ये अपील कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. शेअरची शिफारस करणारा बँकेचा विश्लेषक खोटं बोलला एवढ्याने भागत नाही, नुकसान त्या खोटेपणामुळेच झालं हे दाखवावं लागतं. तो निकाल मला पटतो.

पण मी लिहिलं होतं ते आयपीओच्या, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीच्या, वाटपावरच्या दाव्यांबद्दल. व्हीए लिनक्स या संगणक कंपनीचंच घ्या. ९ डिसेंबर १९९९ ला ३० डॉलरला विकलेला शेअर त्याच दिवशी २३९.२५ वर बंद झाला. मग ३० डॉलरला तो मिळाला कुणाला? ते ठरवणार अंडररायटर, म्हणजे कंपनीचे शेअर विकून देणारी, बँक. फिर्यादींचा आरोप असा, की मर्जीतल्या ग्राहकांना मूळ भावात शेअर द्यायचे आणि लिस्टिंगनंतर, म्हणजे बाजारात खरेदी-विक्री सुरू झाल्यावर, चढ्या भावाने आणखी घ्यायचं आधीच कबूल करून घ्यायचं. बाहेरच्याला दिसायची ती धावती मागणी; त्यातली काही आत ठरवून आणलेली आहे हे त्याला कळणार कसं? शिवाय ग्राहकाच्या नफ्यातला वाटा भरमसाट दलालीच्या रूपाने बँकेकडे परत. क्रेडिट स्विस फर्स्ट बोस्टनने काही ग्राहकांकडून हा वाटा ३३ ते ६५ टक्के घेतला, असं अमेरिकी नियामकाचं म्हणणं होतं. जानेवारी २००२ मध्ये बँकेने आरोप मान्य न करता १० कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

तुमचा-माझा मतभेद इथे आहे. अडीचशे डॉलरला शेअर घेणाऱ्याने कंपनी बुडण्याची जोखीम घेतली होती, मूर्खासारखी घेतली म्हणा हवं तर. शेजारचा खरेदीदार बांधलेला आहे, ही जोखीम त्याने घेतलेली नव्हती, कारण ती त्याला कुणी सांगितलीच नव्हती. लोभी माणसालाही फसवता येतं, आणि फसवणूक ती फसवणूकच. अशा तीनशेहून अधिक कंपन्यांवर दावे झाले. जून २००० मध्ये नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावर गेलेली आपल्या मुंबईची इंटरनेट कंपनी रेडिफही त्यात होती.

वकिलांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. २००९ मध्ये हे सगळे दावे मिळून ५८.६ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि त्यातला मोठा हिस्सा वकिलांच्या फीमध्ये गेला. उरलेलं इतक्या कंपन्यांच्या असंख्य भागधारकांत वाटायचं, म्हणजे एकेकाच्या हाती काय पडणार? मूळ लेखात मी याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. आज तो परिच्छेद घातला आहे.